वन्य वनस्पती व जनुकीय हानीचे मापन : वैनगंगेच्या संदर्भात एक चिकित्सा

नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येते. कन्हान आंभोरा येथे वैनगंगेस मिळते आणि ते पाणी पवनीजवळील गोसीखुर्द धरणात साठते. विद्राव्य ऑक्सिजन, जैविक ऑक्सिजनची मागणी, जड धातू यांच्या मोजणीतून या पाण्यात काय आहे ते कळते. त्या पाण्याने सजीवांच्या गुणसूत्रांचे काय होते, हे मात्र त्यातून कळत नाही. वन्य वनस्पतींच्या साहाय्याने जनुकीय हानी मोजण्याच्या पद्धतीचे महत्त्व येथेच आहे.

आपल्याकडे या विषयावरील बरेचसे लेखन कांद्याच्या मुळांच्या चाचणीभोवती फिरते. ही चाचणी सोपी व स्वस्त असली तरी बाटलीत भरून आणलेले पाणी म्हणजे नदी नव्हे. क्लेकोव्हस्की यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेतील मिलर्स नदीकाठच्या रॉयल फर्न या नेचावर्गीय वनस्पतीचा अभ्यास केला. कागद गिरण्यांच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या त्या काठावरील नेच्यांत त्यांना गुणसूत्रीय बदल आढळले. नेचा दीर्घायुषी असल्याने त्याच्या कंदात अनेक वर्षांची हानी साचत जाते. भारतात पांडा व सहकाऱ्यांनी 1988 मध्ये पाण्यातील अल्प पाऱ्याचा जनुकीय परिणाम जोखण्यासाठी जलपर्णीचा उपयोग दाखवून दिला. पेशीविभाजनात मागे पडलेले गुणसूत्रांचे तुकडे मुख्य केंद्रकाशेजारी सूक्ष्मकेंद्रकाच्या रूपाने दिसतात. मुळाच्या टोकातील पेशींत ते मोजता येतात.

विदर्भात ‘इकॉर्निया’ म्हणून सर्वपरिचित असलेली ही वनस्पती वैनगंगेत उपद्रवी ठरली आहे. तिची वाढ मुख्यतः शाकीय पद्धतीने होत असल्याने झाडाझाडांतील आनुवंशिक फरक कमी असतो, हा अभ्यासकाचा लाभ होय. परंतु ती तरंगते. पवनीच्या घाटावर सापडलेले रोप कोठून वाहत आले हे ठाऊक नसेल, तर त्याच्या मुळातील सूक्ष्मकेंद्रके नेमक्या कोणत्या पाण्याची साक्ष देतात? शिवाय मुळाच्या टोकातील पेशी अलीकडच्या काही दिवसांचीच हकीकत सांगतात. नेच्याच्या कंदासारखी वर्षांची नव्हे. यावर उपाय म्हणजे एकाच रोपापासून वाढविलेली रोपे जाळीच्या पिंजऱ्यांत ठराविक जागी बांधून ठेवणे आणि काठावरील बेशरमसारख्या मुळे रोवून उभ्या असलेल्या वनस्पतींची जोडीने तपासणी करणे.

अधिक कठीण प्रश्न तुलनेच्या स्थळाचा आहे. आंभोऱ्याच्या वरचा प्रवाह कन्हानपासून मुक्त असला तरी भंडारा शहराच्या सांडपाण्यापासून मुक्त नाही. त्यास ‘स्वच्छ’ म्हणून गृहीत धरल्यास दोन ठिकाणांतील फरक प्रत्यक्षापेक्षा लहान दिसेल व निष्कर्ष फसवा ठरेल. तापमान व पोषणद्रव्ये यांचाही पेशीविभाजनावर परिणाम होतो. त्यामुळे एकाच ऋतूतील एका नमुन्यावर विसंबता येणार नाही.

याहून मोठी चूक म्हणजे वनस्पतीतील हानीवरून माणसाच्या धोक्याचा आकडा काढणे. नदीवर मासेमारी करणाऱ्या ढीवर कुटुंबांना त्यातून काही सांगायचे असेल, तर माशांच्या रक्तपेशींतील सूक्ष्मकेंद्रकांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागेल. जलपर्णीच्या मुळांवरून तो धोका ठरविता येणार नाही.