दुय्यम पात्रांचे बिऱ्हाड

केळीच्या बुंध्याशी मुनवे फुटतात. जाणता बागायतदार त्यांतला रुंद पानांचा, दिसायला टवटवीत मुनवा उचलीत नाही. तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पाने, पण कंदात जोर, असा मुनवा तो निवडतो आणि नव्या खड्ड्यात लावतो. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर एका विनोदी मालिकेतून दुसरी मालिका कशी काढतात, हे पाहताना मला ही निवड नेहमी आठवते.

फराळाच्या ताटापाशी हा परदेशी विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण या मालिका आता आपल्या मुलांच्या हातांतल्या फोनवर येऊन बसल्या आहेत. शिवाय दुय्यम पात्राला स्वतंत्र घर केव्हा द्यावे, हा प्रश्न गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकाचाच आहे.

रीत साधी असते. १९७१ साली नॉर्मन लिअर यांची ‘ऑल इन द फॅमिली’ सुरू झाली. तिचा नायक आर्ची बंकर म्हणजे तोंडाळ, पूर्वग्रहांनी काठोकाठ भरलेला गृहस्थ. त्याच वर्षाच्या अखेरीस घरातली सगळी आजारी पडली असता बायकोच्या नात्यातली बहीण, मॉड, शुश्रूषेला आली आणि तिने आर्चीला तोडीस तोड उत्तरे दिली. प्रेक्षक खूश झाले. मग १९७२ च्या मार्चमध्ये मूळ मालिकेचाच एक भाग मॉडच्या घरी घडवून चाचणी घेतली आणि सप्टेंबरात ‘मॉड’ स्वतंत्र झाली. प्रेक्षक जुन्या घरचेच. त्यांना नुसते शेजारचे दार दाखवायचे!

ही व्यापाराची हुशारी झाली. परंतु नुसत्या हुशारीवर बिऱ्हाड टिकत नाही. ‘मॉड’मध्ये फ्लॉरिडा नावाची मोलकरीण होती. १९७४ साली तिलाही मालिका मिळाली, ‘गुड टाइम्स’. न्यूयॉर्कजवळचे घर सुटले, शिकागोतली गरीब वस्ती आली; नवऱ्याचे हेन्री हे नाव बदलून जेम्स झाले, आणि मालकिणीचा विषयच राहिला नाही. असले सांधे उघडे दिसतात. पण मला त्यांचे काही वाटत नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात वावरणारी ही काळी बाई आपल्या घरी गेल्यावर कशी हसते, कशी रागावते, हे मालकिणीच्या घरात कधी दिसणारच नव्हते. १९७५ साली आर्चीचे शेजारी जेफर्सन कुटुंब मॅनहॅटनच्या उंच इमारतीत राहायला गेले. तेही काळे, धुलाईच्या धंद्यावर वर आलेले. त्यांची मालिका १९८५ पर्यंत चालली.

माझे म्हणणे एवढेच, की पात्र लोकप्रिय आहे एवढ्यावर त्याचे घर उभे राहत नाही. मूळ कथेत ज्याला जागा मिळाली नाही असे काही त्याच्यापाशी शिल्लक असावे लागते.

याचे सर्वांत सुरेख उदाहरण ‘फ्रेझर’. ‘चीअर्स’ ही बॉस्टनमधल्या एका मद्यगृहाची मालिका. १९८४ साली तीत डॉक्टर फ्रेझर क्रेन आला. हा मानसोपचारतज्ज्ञ, बोलणे पुस्तकी. पोस्टमनच्या शेजारी हा पंडित बसलेला, हीच गंमत. १९९३ साली ‘चीअर्स’ संपली आणि त्याला सिअॅटलला नेले. लेखकांनी त्याला त्याच्याहून नाजूक आवडीनिवडीचा एक भाऊ दिला आणि एक बाप दिला: गोळी लागून निवृत्त झालेला साधा पोलीस. तो काठी टेकीत येतो आणि मुलाच्या शोभिवंत दिवाणखान्यात आपली चिकटपट्ट्या लावलेली जुनी खुर्ची मांडतो. गंमत अशी, की आपला बाप संशोधक होता आणि वारला, असे फ्रेझरने ‘चीअर्स’मध्ये सांगून ठेवले होते. १९९५ साली जुना मित्र सॅम भेटीला येतो आणि ही थाप बापासमोरच उघडी पडते. तेव्हा आपले भांडण झाले होते, असे मुलगा सांगतो. विसंगती झाकता आली असती. लेखकांनी तिच्यातून बाप-लेकांतला दुरावाच बाहेर काढला. मालिका २००४ पर्यंत चालली, २६४ भाग झाले आणि उत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार तिला ओळीने पाच वर्षे मिळाला.

त्याच २००४ साली ‘फ्रेंड्स’ संपली आणि तिच्यातला लाडका जोई न्यूयॉर्क सोडून लॉस एंजल्सला गेला. प्रेम अमाप होते. तरी ‘जोई’ २००६ साली बंद पडली. माझ्या मते त्याचा भाबडेपणा पाच मित्रांनी सांभाळून घेतल्यामुळे गोड वाटत होता. मित्र वजा केले, तेव्हा नुसता भाबडेपणा उरला. आणि दहा वर्षांत सांगायचे सगळे सांगून झालेले होते.

माझ्या एका कादंबरीतला शाळेचा म्हातारा शिपाई वाचकांना आवडला, तेव्हा त्याच्यावर वेगळे पुस्तक लिहा, असा आग्रह झाला. मी ते अजून लिहिलेले नाही. घंटा वाजवून झाल्यावर तो घरी कोणाशी बोलतो, हे मला ज्या दिवशी ऐकू येईल, त्या दिवशी लिहीन. वाचकांची फर्माईश हे आमंत्रण असते, आणि त्याचा मान राखावा. पण पंगतीला बसवण्यापूर्वी चुलीवर काही शिजले आहे की नाही, हे पाहणे यजमानाचे काम आहे.