आकड्याला माणूस लागतो

१३ एप्रिलच्या रात्री आमच्या विहारासमोर पोरांनी चादर ताणून ‘जय भीम’ दाखवला. टी. जे. ज्ञानवेल यांचा २०२१ सालचा तामिळ सिनेमा, हिंदी आवाजातला. वस्तीला लागून पारध्यांची आठ-दहा पालं आहेत. तिथली माणसंही येऊन मागं बसली. सिनेमा संपला, पडद्यावर मराठी कवितेतल्या ओळी आल्या, पोरं घोषणा देत उठली. मीही दिल्या. मागं पालातली एक म्हातारी तशीच बसून होती. विचारलं, ‘आजी, कसा वाटला?’ म्हणाली, ‘सुरवातीचं तेवढं खरं हाय, बाबा. फुडचं शिनेमातलं. आमाला कुठला आलाय असला वकील?’

या सिनेमावर पुष्कळ लिहून आलं. पण म्हातारीनं एका वाक्यात केली तेवढी समीक्षा मी कुठं वाचली नाही. म्हणून हे लिहितोय.

सुरवातीचं म्हणजे काय? तुरुंगाच्या दारात माणसं सुटतायत. अधिकारी एकेकाला जात विचारतो. वरच्या जातीचा असला की जा घरी. इरुळर, कुरवर असला की बाजूला उभा रहा. बाहेर निरनिराळ्या ठाण्यांचे पोलीस थांबलेले. त्यांच्याकडं न उलगडलेल्या केसेस पडून आहेत, त्या कुणाच्या तरी नावावर चढवायच्यात. बाजारात कोंबड्या वाटून घ्याव्यात तशी माणसं वाटून घेतात. कुणी चिडलेलं नाही, कुणाचं कुणाशी वैर नाही. कचेरीतलं रोजचं काम चाललंय. अंगावर काटा येतो तो त्यामुळंच.

मग सिनेमा काय करतो? चंद्रू वकील कोर्टातून काहींना सोडवतो, पुढं एक वरिष्ठ अधिकारी या माणसांच्या तोंडून जुलूम ऐकतो. एवढं श्रेय दिग्दर्शकाला दिलंच पाहिजे. पण गोष्ट हळूहळू एक चोरी, एक क्रूर फौजदार आणि एक लढाऊ वकील यांच्यावर येऊन ठेपते. १९९३ साली खरंच घडलेल्या प्रकरणावरची गोष्ट आहे. नवऱ्यासाठी लढलेल्या त्या बाईची लढाई मी लहान करत नाही. पण आपण घरी काय घेऊन जातो? फौजदार सैतान होता, त्याला धडा मिळाला. तुरुंगाच्या दारातली ती रांग कुणी लावली, आकडा कुणी मागितला, हा प्रश्न चादरीबरोबर गुंडाळला जातो.

आता माझंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या विहाराची दानपेटी फुटली. हवालदार आला. आमच्याच पोरांनी पालाकडं बोट केलं. मी तिथंच होतो, गप्प राहिलो. दोन पारधी पोरं उचलली. पेटी कुणी फोडली ते आजतागायत कळलेलं नाही. हवालदार आपल्यातलाच, जयंतीला वर्गणी देणारा. पुढं एकदा चहाच्या टपरीवर भेटला तेव्हा मी छेडलं. म्हणाला, ‘दादा, महिनाअखेरीला साहेबाची क्राईम मीटिंग असते. चॅप्टर किती केल्या, माणसं किती धरली, विचारतात. आकडा कमी पडला की सगळ्यांसमोर माझी काढतात. मग मी कुणाला धरू? ज्याच्यासाठी फोन येत नाही त्यालाच ना?’

असा हुकूम कुठं कागदावर लिहिलेला नसतो. बैठकीत नुसतं ‘तुमचं काम दिसत नाही’ म्हटलं की पुरतं. तो दाब एकेक पायरी उतरत खाली येतो आणि ज्याच्या खाली कुणीच नाही त्याच्या पाठीवर बसतो. हवालदाराची मला कीव येते, पण म्हणून तो सुटत नाही. मीही सुटत नाही.

‘जय भीम’पेक्षा मला वेट्रिमारनचा ‘विसारणै’ (२०१५) जास्त सच्चा वाटतो. एम. चंद्रकुमार या रिक्षावाल्यानं स्वतः लॉकअपमध्ये भोगलेलं ‘लॉक अप’ या पुस्तकात लिहिलं, त्यावरचा हा सिनेमा. गुंटूरला पोटासाठी गेलेली तामिळ पोरं. मोठ्या घरी चोरी होते, केस मिटवायची घाई असते, आणि बागेत झोपणारी ही पोरं हाताशी असतात. गुन्हा कबूल करेपर्यंत मार. इथं ऐनवेळी धावून येणारा नायक नाही. भला वाटणारा अधिकारीही त्याच चरकात पिळला जातो. प्रेक्षक घोषणा देत उठत नाही, खाली मान घालून घरी जातो.

आणि आपल्याकडं हे आधीच लिहिलं गेलं होतं. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं. प्रस्थापित समीक्षकांनी त्यातलं दारिद्र्य चघळलं. मला त्यातला पोलीस महत्त्वाचा वाटतो. तो घरात शिरतो, मारतो, आणि चोरीतला वाटाही खातो. उचल्या कोण आणि उचलणारा कोण, हा सवाल त्या नावातच आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. तो १९५२ साली गेला. पण १९५९ चा मुंबईचा सराईत गुन्हेगार कायदा आला, आणि पोलिसाच्या डोक्यातली यादी तशीच राहिली. आकडा भरायला यादी तयारच असते.

राष्ट्रीय पोलीस आयोगानं सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय ठरवल्या होत्या. जोगिंदर कुमार खटल्यात १९९४ साली सुप्रीम कोर्टानं ते नोंदवलं आणि सांगितलं, अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि अटकेची गरज असणं वेगळं. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानं सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटकेला मनाई केली. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असं कोर्टानं बजावलं. आणि २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत शंभरातले ७५ हून जास्त कैदी कच्चे होते. निकाल वर, माणूस आत.

विश्वास म्हणजे काय? रात्री घरावर दगड पडले तर ठाण्यात जावंसं वाटणं. कारवाईचा आकडा फुगवायला पालावर धाड पडते. गुन्ह्यांचा आकडा आखडायला आपली ॲट्रॉसिटीची फिर्याद ‘अर्ज देऊन जा’ म्हणत एन. सी. वर बोळवली जाते. रजिस्टर एकच, रकाने दोन. दोन्ही रकान्यांत मार आपल्यालाच. मग पारधी ठाण्याची पायरी चढत नाही, आपली बाईही चढत नाही. खरा चोर तेवढा निर्धास्त.

मित्रांनो, एका फौजदाराच्या निलंबनासाठी मोर्चा काढणं सोपं आहे. काढूच. पण आकडा मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमानं अटक झालेल्यांची नावं आणि गुन्हा ठाण्यात दिसेल असा लावायचा आहे. जा, बघा लावलाय का. माहितीच्या अधिकारात विचारा : दर महिन्याला चॅप्टर किती केल्या? त्यातून पुढं काय निष्पन्न झालं? महिनाअखेरीला संख्या वाढते का?

पुढच्या १३ एप्रिलला ‘विसारणै’ लावायचं ठरलंय. पण त्या दोन पोरांच्या पालात आम्ही अजून पाऊल टाकलेलं नाही. आधी तिथं जायचंय. बोट आपलं होतं.