नाताळची भेट आणि ‘स्मृतिचित्रे’

नाताळची भेट म्हणून पुस्तक निवडताना आपण बहुधा मुखपृष्ठावरील क्रूस पाहतो, आतील पाने पाहत नाही. हा निकष आम्हांस अपुरा वाटतो.

नगर आणि राहुरी येथे संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) घ्या. लेखिका प्रॉटेस्टंट पंथाच्या, म्हणून हे पुस्तक बाजूस ठेवू नये. रेव्ह. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली घेतला. मधल्या वर्षांतील रडणे, राग, सोवळ्याओवळ्याची ओढ त्यांनी झाकली नाही. पतीच्या विक्षिप्तपणावरही त्या मनमोकळ्या हसतात. म्हणूनच त्यांची श्रद्धा खरी वाटते. श्रद्धेवरून ज्या घरात अबोला आला आहे, तेथे उपदेशाच्या दहा पुस्तिकांपेक्षा हा एक ग्रंथ अधिक उपयोगी पडेल.

मुलांच्या हाती मात्र तो एकदम देऊ नये. वडीलधाऱ्यांनी रोज थोडा मोठ्याने वाचून दाखवावा. टिळकांच्या घरी राहिलेल्या बालकवी ठोमरे यांच्या आठवणींपासून आरंभ करावा.

देणाऱ्याने पुस्तक आधी स्वतः वाचावे, मगच पहिल्या पानावर नाव घालावे.