रापी, रबर आणि एक नाव

हिमरूची शाल विणणारा आणि चपलेचा पट्टा शिवणारा, दोघेही हातानेच घडवतात. परंतु आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पाहुण्याला पहिल्याकडे 'कला' दाखवायला नेतात. दुसऱ्याकडे चप्पल तुटल्याखेरीज कुणी फिरकत नाही. कला आणि काम यांतली ही रेषा सौंदर्यशास्त्राने आखलेली नाही. ती गावकुसाने आखली आहे. म्हणूनच सुधीर राजभर यांच्या मुंबईतील 'चमार स्टुडिओ'ची दखल या पानांवर घेतली पाहिजे, असे मला वाटते.

महाराष्ट्रात गाईची कत्तल 1976 च्या कायद्यानेच बंद होती. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हैस कायद्यातून सुटली, पण तिचे कातडे नेणारा माणूस भीतीतून सुटला नाही. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारले गेले, हे आपण विसरलेलो नाही. धारावीतील चामड्याच्या कारागिरांवर संकट आले ते या काळात. राजभर यांनी त्यांतल्या काहींना सोबत घेतले आणि कातड्याच्या जागी टाकाऊ टायर-ट्यूबच्या रबराचे पत्रे आणले. कापणे, दुमडणे, शिवणे तेच. माल तेवढा बदलला. आधी पिशव्या झाल्या, मग खुर्च्या. 2024 मध्ये या खुर्च्या अमेरिकेत मायामीच्या डिझाइन प्रदर्शनात मांडल्या गेल्या. नक्षी नाही, झगमगाट नाही. वस्तूचे सारे सौंदर्य घडीत आणि टाक्यात आहे. मला ते आवडते.

मात्र रबर हा शोध स्टुडिओचा नव्हे. मराठवाड्यातल्या शेतमजुराच्या पायात टायरच्या तळाची चप्पल कित्येक वर्षे आहे. जुना टायर रापीने सोलून त्यातून तळ काढणाऱ्या चांभाराला कोणी प्रयोगशील म्हटले नाही. माझे आजोबा मोट शिवत. पाण्याच्या ओझ्याने उसवणार नाही असा टाका कुठे आणि किती अंतरावर घालायचा, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. पुढे लोखंडी मोट आली, मग इंजिन आले, आणि बोटांतले ते शास्त्र कुणी टिपूनही ठेवले नाही. दलित सौंदर्यशास्त्राची चर्चा आपण शब्दापुरती केली, हाताची केलीच नाही.

काही मित्र विचारतात, 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले, मग या धंद्याचा गौरव कशाला? आक्षेप रास्त आहे. पण नाकारायची होती ती सक्ती. तो विटाळ, जो जनावराच्या कातड्यावरून माणसाच्या कातडीवर लादला गेला. रबराच्या पत्र्याला तो विटाळ चिकटत नाही. कौशल्य जातीच्या कामापासून सोडवून घेता येते, याचा हा एक पुरावा आहे.

मग नाव 'चमार' का? राजभर स्वतः चर्मकार नाहीत. शिवी म्हणून फेकला जाणारा शब्द त्यांनी जाणीवपूर्वक उचलला आणि तो श्रीमंतांच्या खांद्यावर चढवला. या उलटफेरात विद्रोह आहे. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या रंगमंचावर प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, तेव्हा आपल्याकडे कोल्हापूरचा आणि महाराष्ट्राचा अभिमान खवळला. चांभाराचा उल्लेख त्या गदारोळात फार थोड्यांनी केला. निदान इथे तो दारावरच लिहिलेला आहे.

पण जात हे कारागिराचे नाव नव्हे. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते, पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचे नाव असते. धारावीत ज्याने खुर्चीचा टाका घातला त्याचे नाव खुर्चीवर कुठे लिहायचे, आणि तिच्या किमतीतला त्याचा वाटा किती, हे प्रश्न विद्यार्थ्यांनी अशा प्रत्येक प्रदर्शनात उभे राहून विचारावेत. उत्तर द्यायला तो कारागीर स्वतः तिथे हजर आहे की नाही, हेही पाहावे.