बंद नाट्यगृहाचे पुनरुज्जीवन : वऱ्हाडच्या संदर्भात एक विचार

बंद पडलेल्या नाट्यगृहाचे पुनरुज्जीवन करून त्यास एखाद्या प्रदेशाचे कलाकेंद्र बनवावे, ही कल्पना ऐकताक्षणी कोणासही पटण्यासारखी आहे. तिला विरोध करणारा मनुष्य सहसा आढळत नाही, आणि म्हणूनच तिची चिकित्साही फारशी होत नाही. 'पुनरुज्जीवन' ह्या शब्दात दोन भिन्न गोष्टी एकत्र मिसळून गेल्या आहेत. पहिली गोष्ट वास्तूची डागडुजी, तर दुसरी त्या वास्तूत एकेकाळी नांदत असलेल्या प्रयोगपरंपरेची पुनःस्थापना. पहिली गोष्ट द्रव्य आणि कुशल कारागीर मिळाल्यास साध्य होते. दुसरी तशी होत नाही. अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडची दोन प्रमुख नगरे डोळ्यांपुढे ठेवून ह्या भेदाचा विचार केला असता प्रश्नाचे खरे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

वऱ्हाडातील नागर रंगभूमी कोणत्या परिस्थितीत वाढली, हे प्रथम पाहिले पाहिजे. भुसावळहून अकोला-बडनेरामार्गे नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानच्या कापसास अपूर्व भाव आला होता. लोहमार्ग आणि कापूस ह्यांच्या संयोगातून अमरावती, अकोला, खामगाव येथील पेठा भरभराटीस आल्या. वकील, अडते, सावकार, शिक्षक आणि सरकारी नोकर असा नवा प्रेक्षकवर्ग तयार झाला. पश्चिम महाराष्ट्रातील नाटक मंडळ्या ह्याच मार्गाने वऱ्हाडात येत, एकेका गावी मुक्काम टाकीत, आपल्या संग्रहातील नाटके आळीपाळीने करीत आणि मग पुढच्या गावी जात. 'मुक्काम' हा त्या व्यवसायाचा कणा होता. नाट्यगृह हे मुक्कामाचे ठिकाण असे. ते स्वयंपूर्ण कलाकेंद्र कधीच नव्हते.

ह्या देवघेवीत वऱ्हाडची भूमिका केवळ घेणाऱ्याची नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९०५ मध्ये मुंबईस भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद अमरावतीचे दादासाहेब खापर्डे ह्यांच्याकडे होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर खामगावास वकिली करीत असताना त्यांची नाटके मराठी रंगभूमीला नवे वळण देत होती. अमरावतीचे वीर वामनराव जोशी ह्यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटक १९१४ मध्ये केशवराव भोसले ह्यांच्या ललितकलादर्श मंडळीने, तर 'रणदुंदुभि' १९२७ मध्ये दीनानाथ मंगेशकर ह्यांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. १९१२ मध्ये अकोल्यास हरि नारायण आपटे ह्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. तात्पर्य, त्या काळी वऱ्हाड लेखक देत होते आणि प्रेक्षकही देत होते. परंतु नाटक मंडळी मात्र बाहेरून येत होती. ह्या रचनेतच पुढील ऱ्हासाचे बीज होते, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' ह्या बोलपटांचे आगमन झाले, तेव्हा सर्वांत मोठा आघात ह्या फिरत्या व्यवसायावर झाला. नट, गवई, साथीदार, आचारी आणि सामानसुमान ह्यांसह गावोगाव हिंडणाऱ्या मंडळीचा खर्च आणि एका डब्यातून येणाऱ्या फितीचा खर्च ह्यांची बरोबरी होणे शक्यच नव्हते. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' ह्या चित्रपटात उतरले, ही घटना पुरेशी बोलकी आहे. नाट्यगृहांच्या मालकांनी पडदा टांगला आणि यंत्र बसविले. भिंती शाबूत होत्या, प्रेक्षकही येत होते, परंतु मुक्काम तुटला होता. पुढे चित्रपटगृहांवरही पाळी आली, तेव्हा कित्येक ठिकाणी दारास कुलूप लागले. नाट्यगृह बंद पडले ते वास्तू जीर्ण झाली म्हणून नव्हे. प्रयोगांचा ओघ आटल्यानंतर वास्तू जीर्ण झाली. कार्यकारणाचा हा क्रम उलटा समजल्यामुळेच पुनरुज्जीवनाच्या बहुतेक योजना छपरापासून सुरू होतात आणि छपरापाशीच संपतात.

वास्तूचा विचार गौण आहे, असा ह्याचा अर्थ नव्हे. भरताने 'नाट्यशास्त्रा'च्या दुसऱ्या अध्यायात विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे नाट्यगृहांचे तीन प्रकार सांगून मर्त्यांसाठी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असे मध्यम प्रमाण योग्य ठरविले आहे. हाताचे माप सुमारे दीड फूट धरल्यास ही वास्तू साधारणतः ९६ फूट लांब आणि ४८ फूट रुंद होते. ह्याहून मोठ्या गृहात पाठ्य अस्पष्ट होते आणि मुखावरील भाव दिसेनासे होतात, असे त्याचे कारण दिलेले आहे. जुन्या नाट्यगृहांचे मोल ह्याच ठिकाणी आहे. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात ती बांधली गेली. त्यामुळे मानवी आवाजाची पोच हेच त्यांचे माप होते. सभा, विवाह, बक्षीस समारंभ आणि नाटक ह्या सर्वांसाठी एकदमच बांधलेल्या आधुनिक भव्य सभागृहांत हे माप हरवते. तेथे नटाला ध्वनिक्षेपकाच्या आधाराने बोलावे लागते आणि नाटकाचे रूपच पालटते. जुनी वास्तू राखावयाची ती केवळ जुनी म्हणून नव्हे, तर तिच्यात जपलेले हे प्रमाण नव्या बांधकामांत क्वचितच सापडते म्हणून.

अशा प्रयत्नांची उदाहरणे महाराष्ट्रात उपलब्ध आहेत. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्ज ह्यांच्या हस्ते झाले. नाटक, चित्रपट आणि शेवटी १९९३ पासूनची दीर्घ बंदी ह्या अवस्थांतून ते गेले. काटेकोर दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले आणि २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा-संवर्धनाच्या पुरस्काराने त्याचा गौरव केला. दुरुस्ती म्हणून हे कार्य आदर्शवत् आहे. परंतु त्याच्या भोवती मुंबई आहे, हे विसरून चालणार नाही. सुमारे पावणेसहाशे आसने भरण्यासाठी त्या महानगरास स्वतःचा प्रेक्षक नव्याने घडवावा लागत नाही. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचे उदाहरण ह्याहून अधिक उद्बोधक आहे. शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये उभे राहिलेले हे पॅलेस थिएटर १९५७ मध्ये केशवरावांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ते अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्या वेळी गावातील रंगकर्मी आणि प्रेक्षक ह्यांना जो शोक झाला, तो वास्तूपेक्षा त्यांच्या नित्याच्या व्यवहाराविषयीचा होता. तेथे प्रयोग चालू होते. म्हणूनच ते पुन्हा उभारावे ही मागणी लोकांतून तत्काळ निघाली. ज्या गृहाविषयी अशी मागणी प्रथम समित्यांतून निघते आणि लोकांतून निघत नाही, त्याचे भवितव्य संशयास्पद मानले पाहिजे.

अभिजात रंगमंडलाच्या पुनरुज्जीवनाचे सर्वांत ख्यात उदाहरण ग्रीसमधील एपिडॉरसचे होय. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील हे रंगमंडल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खननातून प्रकाशात आले, १९३८ मध्ये तेथे आधुनिक काळातील पहिला प्रयोग झाला आणि १९५० नंतरच्या दशकात उन्हाळी नाट्योत्सव नियमित सुरू झाला. अथेन्सहून प्रेक्षक तेथे प्रवास करून जातात. परंतु ते केवळ पाषाण पाहावयास जात नाहीत. सोफोक्लीस आणि युरिपिडीस ह्यांची नाटके आजच्या ग्रीक भाषेत ऐकावयास जातात. स्थळ, ऋतू, संहिता आणि बोली अशी चार अंगे तेथे एकत्र आली आहेत. ह्यांपैकी एकही अंग गळाले, तर उरेल ते पर्यटकांचे प्रेक्षणीय स्थळ. वऱ्हाडातील योजना ह्या चार कसोट्यांवर घासून पाहणे उचित होईल.

स्थळाची कसोटी घेताना अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरचे स्मरण अपरिहार्य आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी ह्याच नाट्यगृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा हक्क हा तिच्यापुढील प्रश्न होता. ज्यांना देवालयाचे दार बंद होते, त्यांची परिषद नाट्यगृहात भरली, ह्या घटनेचा अर्थ रंगभूमीच्या इतिहासकारांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही. संगीत नाटकाच्या वैभवाची आठवण काढताना खुर्च्यांवर कोण बसत असे आणि बाहेर कोण राहत असे, हा प्रश्न सहसा टाळला जातो. स्त्रीभूमिका पुरुष करीत, हा त्या वैभवाचाच एक भाग होता. आणि प्रेक्षागारातही सर्व समाज समान संख्येने नव्हता. इंद्रभुवनाचे नाव राखावयाचे असेल, तर खापर्डे ह्यांच्या काळातील रसिकतेइतकेच १९२७ च्या त्या परिषदेचेही ते स्मारक आहे, हे मान्य करावे लागेल. एरवी पुनरुज्जीवन म्हणजे एका वर्गाच्या स्मृतिरंजनास सार्वजनिक निधी पुरविणे ठरेल.

ऋतूच्या कसोटीस पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमी उत्तम आधार देते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया ह्या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीच्या सुमारापर्यंत चालतो. वडसा हे त्या व्यवसायाचे केंद्र आहे. नाटके मांडवात होतात. पक्क्या वास्तूचा पत्ता नसतो. तरीही प्रेक्षक रात्र जागवितात. कारण हंगाम शेतीच्या चक्राशी बांधलेला आहे: भाताचे पीक घरात आले की पदरी चार पैसे आणि हाती वेळ असतो. झाडीपट्टीत रंगभूमी आहे पण नाट्यगृह नाही. वऱ्हाडात नाट्यगृह होते पण स्वतःची व्यावसायिक मंडळी नव्हती. ह्या विरोधात पुष्कळ बोध साठविलेला आहे. वऱ्हाडातही दंडारीसारखे लोकनाट्यप्रकार होते, परंतु नागर नाट्यगृहाने त्यांना दारात कधी सन्मानाने उभे केले नाही.

संहिता आणि बोली ह्यांची कसोटी अधिक कठोर आहे. उद्धव शेळके ह्यांच्या 'धग' ह्या १९६० च्या कादंबरीने वऱ्हाडी बोलीचे वाङ्मयीन सामर्थ्य निर्विवादपणे सिद्ध केले. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे जन्मलेले महेश एलकुंचवार ह्यांच्या 'वाडा चिरेबंदी' ह्या नाटकात वैदर्भीय धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, त्याचे कोसळणे आणि तरीही त्यास चिकटून राहणारी माणसे ह्यांचे दर्शन घडते. परंतु १९८५ मध्ये त्याचा प्रयोग विजया मेहता ह्यांच्या दिग्दर्शनाखाली मुंबईच्या रंगभूमीवर उभा राहिला. विदर्भाची माती, विदर्भाचा लेखक, आणि प्रतिष्ठा मात्र मुंबईची. कोल्हटकरांच्या काळापासून चालत आलेला हा क्रम आठ-नऊ दशकांनंतरही बदललेला नव्हता. पुनरुज्जीवित नाट्यगृह जर केवळ मुंबई-पुण्याच्या प्रयोगांचे भाड्याचे स्थान होणार असेल, तर जुन्या परावलंबनाचीच ती नवी आवृत्ती होय.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, बाहेरील प्रेक्षक आल्याखेरीज खर्च भागणार नाही, आणि चिखलदऱ्यास व मेळघाटास जाणारे प्रवासी अमरावतीस थांबविता येतील. आक्षेपात तथ्य आहे. परंतु प्रवासी वर्षातून एखाद्या वेळी येतो, आणि नाट्यगृहास वर्षातील अनेक रात्री भराव्या लागतात. प्रवाशाची आवक ही शिधा म्हणून उपयोगी आहे, अन्न म्हणून नव्हे. दुसरा आक्षेप असा की, ज्या प्रदेशात कापूस उत्पादकाचे जीवनच कर्जाने ग्रासलेले आहे, तेथे नाट्यगृहावर द्रव्य खर्च करणे अनुचित होय. हा आक्षेप अधिक गंभीर आहे. कापसाच्या पैशावर वाढलेल्या ह्या रंगभूमीवर कापूस पिकविणारा मनुष्य प्रेक्षक म्हणूनही क्वचितच आला आणि पात्र म्हणून तर फारच उशिरा. त्याचे दुःख त्याच्या बोलीत, त्याच्यासमोर, त्यास परवडेल अशा दरात मांडण्याची सोय ज्या गृहात होईल, त्यावरील खर्चाचे समर्थन करता येईल. अन्यथा येणार नाही.

ह्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे. अमरावती आणि अकोला ह्यांमधील अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. ह्या दोन नगरांनी परस्परांशी स्पर्धा करून एकेक कलाकेंद्र उभारण्यापेक्षा दोहोंमिळून एक नित्य नाट्यमंडळी पोसणे अधिक शहाणपणाचे होईल. तिचा मुक्काम आळीपाळीने दोन्ही ठिकाणी असावा, आणि कापसाची वेचणी संपल्यानंतरच्या महिन्यांत तिने तालुक्यांच्या गावी जावे. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेने ह्या भागात हौशी कलावंतांचा वर्ग तयार केलेला आहे. परंतु स्पर्धेचे नाटक बहुधा एका प्रयोगातच संपते. त्या नाटकांस दुसरा, पाचवा, दहावा प्रयोग मिळवून देणे हे पुनरुज्जीवनाचे पहिले कार्य होय. विद्यापीठाच्या मराठी विभागांनी वऱ्हाडी बोलीतील संहितांचे संकलन आणि जुन्या मुक्कामांच्या नोंदींचे संशोधन हाती घेतल्यास त्या कार्यास पाया लाभेल.

नाट्यगृहाचे दार उघडल्याच्या पहिल्या दिवशी गर्दी होणारच. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. दहाव्या वर्षी, एखाद्या साध्या बुधवारी, त्याच गावच्या मंडळीचे त्याच भागातील लेखकाने लिहिलेले नाटक पाहावयास माणसे पदरचे पैसे देऊन येतात किंवा नाही, ह्यावरून पुनरुज्जीवनाचे मूल्यमापन व्हावयास हवे.