केसगळतीचे निदान आणि डर्मोस्कोप : शेगाव तालुक्यातील घटनेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

केस गळणे ही तक्रार आपल्या समाजात फारशा गांभीर्याने घेतली जात नाही. पुरुषाला टक्कल पडले तर तो थट्टेचा विषय होतो आणि स्त्रीचे केस गेले तर तो लपविण्याचा. दोन्ही प्रकारांत निदान मागे पडते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात याचा प्रत्यय आला. बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील लोकांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. पुढे १८ गावांतील २७९ व्यक्ती बाधित असल्याची नोंद झाली. प्रसारमाध्यमांनी या प्रकाराला ‘टक्कल व्हायरस’ असे नाव दिले; विषाणूचा पुरावा मात्र कोणाजवळही नव्हता. नाव आधी आणि निदान नंतर, हा क्रम विज्ञानाला मान्य होण्यासारखा नाही. या घटनेच्या आधारे डर्मोस्कोपद्वारा होणाऱ्या निदानाचे सामर्थ्य आणि मर्यादा यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतलेला आहे.

डर्मोस्कोपचे सामर्थ्य :

डर्मोस्कोप म्हणजे प्रकाशाची सोय असलेले भिंग होय. हातात धरण्याच्या साध्या उपकरणातून त्वचा साधारणपणे दहापट मोठी दिसते. संगणकाला जोडलेल्या उपकरणातून त्याहून अधिक. केस व टाळू यांच्या अशा तपासणीला ‘ट्रायकोस्कोपी’ ही संज्ञा २००६ पासून रूढ झाली. त्वचेचा तुकडा न काढता केसाचा दांडा, केसाचे छिद्र आणि भोवतालच्या रक्तवाहिन्या पाहता येतात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे.

प्रत्येक विकाराच्या खुणा निराळ्या असतात. चाईमध्ये मुळाशी निमुळते होत गेलेले, उद्गारचिन्हासारखे केस, काळे ठिपके आणि पिवळे ठिपके दिसतात. टाळूच्या बुरशीमध्ये स्वल्पविरामासारखे वाकलेले किंवा बूच काढण्याच्या मळसूत्रासारखे वळलेले केस आढळतात. आनुवंशिक टकलात जाड व बारीक केस शेजारीशेजारी दिसतात. व्रण होऊन केस जाणाऱ्या विकारांत केसांची छिद्रेच नाहीशी झालेली असतात. ही शेवटची खूण रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. छिद्र शिल्लक असेल तर केस परत येण्याची आशा असते. छिद्र बुजले असेल तर ती जवळजवळ संपते.

शेगावच्या घटनेची चिकित्सा :

आरंभी पाण्यातील नायट्रेट व क्षार आणि बुरशीचा संसर्ग यांवर संशय घेण्यात आला. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा पूर्वानुभव लक्षात घेता पाण्याविषयीचा संशय स्वाभाविक होता. परंतु बुरशीची शंका रोगाच्या स्वरूपाशी जुळत नव्हती. टाळूची बुरशी मुख्यतः लहान मुलांना होते, ती चट्ट्यांनी पसरते आणि तिला वेळ लागतो. येथे तरुण, प्रौढ, स्त्री, पुरुष असे सर्वच काही दिवसांत बाधित झाले होते. अशा वेळी डर्मोस्कोपने बुरशीच्या खुणा आहेत की नाहीत, हे गावातच पाहता येते. खुणा नसतील तर तेवढ्यावरून बुरशी पूर्णपणे निकालात निघत नाही. पण संशयाचा रोख बदलतो आणि विषबाधेचा विचार लवकर पुढे येतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकांनी जानेवारी २०२५ मध्ये नमुने घेतले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या मते बाधित घरांतील शिधावाटप दुकानाच्या गव्हात प्रतिकिलो सुमारे १४ मिलिग्रॅम सेलेनियम होते आणि रुग्णांच्या रक्तात, मूत्रात व केसांतही त्याचे प्रमाण वाढलेले होते. सेलेनियमच्या अतिरेकाने केस व नखे गळतात, हे चीनमधील हुबेई प्रांतातल्या एन्शी येथील १९६० च्या दशकातील उद्रेकापासून ज्ञात आहे. एप्रिल २०२५ मध्ये शेगाव परिसरात नखे गळण्याच्या तक्रारी पुढे आल्या, त्याही या दिशेशी सुसंगत होत्या.

साधनाच्या मर्यादा :

येथेच डर्मोस्कोपची सीमा स्पष्ट होते. केस कोणत्या रीतीने गेला, हे भिंग सांगते. विष कोठून आले, हे सांगत नाही. तुटलेला केस व काळा ठिपका चाईतही दिसतो आणि काही विषबाधांतही. सेलेनियमची अशी स्वतंत्र खूण नाही. ते शोधण्यासाठी ताटातील अन्नाची विचारपूस आणि प्रयोगशाळा यांना पर्याय नाही.

दुसरी मर्यादा प्रमाणांची आहे. या शास्त्रातील आरंभीचे बरेचसे वर्णन गोऱ्या त्वचेवर आधारलेले आहे. सावळ्या टाळूवर मधाच्या पोळ्यासारखी रंगद्रव्याची जाळी आणि बारीक पांढरे ठिपके निसर्गतःच असतात. पिवळे ठिपके आणि रक्तवाहिन्या तेथे तितक्याशा उठून दिसत नाहीत. परदेशी चित्रसंग्रह जसाच्या तसा वापरल्यास निरोगी टाळूही रोगी वाटण्याचा धोका संभवतो. तिसरी अडचण औषधांची. स्टेरॉइड मिसळलेले मलम दुकानातून आणून आधीच लावलेले असेल, तर बुरशीच्या खुणा पुसट होतात.

निष्कर्ष :

शेगावच्या घटनेत तरुण मुलींचे शिक्षण व विवाह यांवर परिणाम झाल्याचे बावस्करांनी नोंदविले आहे. ‘व्हायरस’ या एका शब्दाने रुग्ण हा स्पर्शाने रोग पसरविणारा ठरतो. ‘छिद्रे शाबूत आहेत, केस येऊ शकतील’ एवढे वाक्य छायाचित्र दाखवून सांगता आले, तर त्या मुलीला आणि तिच्या घराला मोठा आधार मिळतो. केसांच्या निदानाला म्हणूनच सामाजिक मूल्य आहे.

गोरेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या घटनेपासून घेण्याजोगा बोध सरळ आहे. ग्रामीण रुग्णालयात साधा डर्मोस्कोप असावा, टाळूची छायाचित्रे तारखेनिशी जतन व्हावीत आणि ती गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांकडे पाठविण्याची रीत असावी. मात्र त्याच दिवशी घरातील धान्य व पाणी यांचेही नमुने घेतले जावेत. भिंग टाळूवर धरले तरी विचारपूस चुलीपर्यंत पोहोचली पाहिजे. त्यावाचून निदान अपुरेच राहील.