घंटांचा प्रस्तार

माझगावातल्या आपल्या कानांना घंटा परिचित आहे ती निरोप देणारी: त्रिकाळ प्रार्थनेचा, मिस्सेचा, मृत्यूचा. तिने काही ‘रचावे’ अशी अपेक्षा आपण कधी केली नाही. इंग्लंडमध्ये मात्र सतराव्या शतकापासून घंटावादनाची स्वतंत्र रचनाकला वाढली, आणि तिचे साहित्य महाराष्ट्रातही आहे. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील होली नेम चर्चच्या मनोऱ्यात (टिळक-रानड्यांच्या १८९० मधील चहापानामुळे गाजलेला तो हाच परिसर) इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा पूर्ण चाकांवर टांगलेल्या आहेत. आज अशा वादनाच्या रचना संगणक तपासून देतो, काही अंशी जुळवूनही देतो. मग या कलेत कर्त्याचे म्हणून काय उरते?

चाकावरची घंटा प्रत्येक ठोक्यास तोंड वर करीत जवळजवळ पूर्ण फेरी घेते. तिला क्षणभर थोपवता येते, किंचित आधी ओढता येते. याहून अधिक नाही. म्हणून तिच्याकडून गाण्याची चाल वाजवून घेता येत नाही. आठही घंटा एकेकदा वाजल्या की एक क्रम पुरा होतो. पुढच्या क्रमात कोणतीही घंटा फार तर एकच घर सरकते, आणि एकदा आलेला क्रम पुन्हा येता कामा नये. वादकांसमोर कागद नसतो. ठरलेल्या वळणाने सारे जात असतात आणि त्यांच्यातलाच म्होरक्या मधूनच एक शब्द उच्चारून वळण बदलतो. तो शब्द कुठे कुठे उच्चारायचा, एवढेच रचनाकाराचे लेखन.

सात घंटांचे क्रम ५,०४०, आठांचे ४०,३२०. हे सगळे सलग वाजवायला १९६३ साली लफबरोच्या घंटा-कारखान्यात आठ वादकांना सुमारे १८ तास लागले. ५,०४० हा आकडा आपल्या संगीतशास्त्राला परका नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात सात स्वरांचा तेवढाच प्रस्तार आहे. शिवाय कितवी तान कोणती, दिलेली तान कितवी, हे काढण्याची खंडमेरूची रीतही आहे. संगणकाचा हा पणजोबाच! आपल्या शेजारच्या भेंडीबाजार घराण्याने तो मेरुखंड गळ्यात उतरवला. पण मैफलीत कोणी गवई ५,०४० ताना म्हणून दाखवत नाही. तेथे निवड येते. आठ घंटांच्या सुमारे तीन तासांच्या वादनातही पाच हजारांहून थोडे अधिक, म्हणजे एकूणाच्या आठव्या हिश्श्याइतकेच क्रम घेतात.

क्रमाची पुनरुक्ती झाली नाही ना, हे पूर्वी हाताने पडताळावे लागे, आणि वाजवून झालेली रचना मागाहून सदोष ठरे. हे कष्ट संगणकाने संपवले. त्याबद्दल हळहळणारा रचनाकार मला ढोंगीच वाटेल.

आक्षेप आहे तो त्याच्या दुसऱ्या कामाला. यंत्र गोड क्रमही मोजते. आधी विषम घंटा, मग सम, म्हणजे १३५७२४६८, हा क्रम जाणकारांना प्रिय, १५२६३७४८ हाही. अशा क्रमांच्या संख्येवर रचनेची प्रत ठरू लागली की रचनाकार कानासाठी न लिहिता मोजणीसाठी लिहितो. यमके मोजून कवितेला गुण द्यावेत तसे हे! दीर्घ गुंतागुंतीतून तो लाडका क्रम अवचित उलगडतो तेव्हा कान सुखावतो. दर मिनिटाला आला तर रोजच्या पक्वान्नासारखा त्याचा वीट येतो. तो कुठे आला हे यंत्र अचूक सांगते. कशानंतर यावा, हे दोर धरून उभ्या असलेल्याला आधी कळते.

विजेच्या हातोड्यांना हीच रचना दिली तर ती बिनचूक वाजेल. पण हातोड्याला एकेका घराचे बंधन कशाला? तो हवी ती चाल वाजवील. ही कला जड धातूच्या आणि माणसाच्या मनगटाच्या मर्यादेतून जन्मली. पंचहौदसारख्या मनोऱ्यात आठ दोरांना आठ जण हवेत, आणि प्रत्येकाने इतर सातांवर नजर ठेवायला हवी. सहाच जमले, तर संगणकातली पाच हजारांची रचना बाजूला ठेवून सहा घंटांचे ७२० क्रम घ्यावेत. ते अर्ध्या तासाच्या आत होतात.